पुसली जाणारी वाट : कीटकांच्या समूहाकडून संगणकाने काय घेतले?

गळीत हंगाम सुरू झाला की आंबेगावातील भीमाशंकर आणि जुन्नरमधील विघ्नहर या दोन्ही सहकारी साखर कारखान्यांपुढे रोज तेच कोडे उभे राहते. आज कोणत्या टोळीने कोणत्या फडात उतरायचे आणि कोणती गाडी कोणत्या वेळी गव्हाणीला लावायची? ऊस तुटून पडून राहिला की वजन घटते, उतारा घसरतो. एकाच वेळी सगळ्या गाड्या आल्या तर रांग लागते आणि गाड्या उशिरा आल्या तर गाळप थांबते. नारायणगावच्या बाजारात येणारे टोमॅटोचे क्रेट, गावोगावच्या संकलन केंद्रांवरून निघणारे दूध आणि कुकडीच्या कालव्यांची आवर्तने यांच्यामागेही अशीच कोडी आहेत. त्यांत पर्याय मोजता येणार नाहीत इतके असतात, आणि त्यांतल्या कित्येक कोड्यांत परिस्थिती दिवसभर बदलत राहते.

पर्याय किती वाढतात याचा अंदाज साध्या उदाहरणाने येईल. दुधाचा टँकर प्रकल्पातून निघून नऊ गावे करून परत येतो, म्हणजे ठिकाणे दहा. सुलट आणि उलट फेरी एकच धरली तरी १,८१,४४० वेगवेगळे क्रम होतात. ठिकाणे वीस झाली की हा आकडा सहा कोटी अब्जांच्या पुढे जातो. सेकंदाला एक अब्ज क्रम तपासणारे यंत्र अखंड चालवले तरी सगळे क्रम पाहून व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागतील. टँकर तर पहाटे निघायचा असतो.

म्हणून सगळे पर्याय न तपासता पुरेसा चांगला पर्याय वेळेत हाती देणाऱ्या पद्धती लागतात. अशा पद्धतींचे एक मोठे घराणे मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या आणि वाळवी यांच्या निरीक्षणातून जन्माला आले. ‘समूहबुद्धी’ या नावाने ते गेली साडेतीन दशके वाढते आहे. त्यात काय खरे ठरले, काय पोकळ निघाले आणि जुन्नर-आंबेगावसारख्या मुलखाला त्यातले काय उपयोगी पडेल, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. या पद्धतींच्या यशाचे श्रेय सहसा ‘अनेकांनी मिळून काम करण्याला’ दिले जाते. पण त्यांचे निम्मे बळ विसरण्यात आहे. जुनी माहिती वेळेवर पुसली जाते, म्हणूनच समूह शहाणा राहतो.

दोन फाट्यांचा पूल

१९५९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी वाळवीच्या बांधकामाचा उलगडा मांडला. एका किड्याने ठेवलेला मातीचा गोळा हाच दुसऱ्या किड्याला पुढच्या कामाचा इशारा ठरतो. हुकूम देणारा कोणी नसतो आणि आराखडाही कोणाकडे नसतो. निरोप झालेल्या कामातच शिल्लक राहतो आणि पुढचा किडा तो तिथून उचलतो. परिसरात ठेवलेल्या खुणांमधून चालणाऱ्या या व्यवहाराला ग्रासे यांनी ‘स्टिग्मर्जी’ म्हटले.

तीस वर्षांनी ब्रसेल्समध्ये जाँ-लुई देनबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांवर एक साधा प्रयोग केला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाटे असलेला पूल ठेवला. दोन्ही फाटे सारख्या लांबीचे असताना थोड्या वेळाने बहुतेक मुंग्या एकाच फाट्यावरून जाऊ लागल्या. सुरुवातीला योगायोगाने एका बाजूला थोडा जास्त गंध पडला, त्या गंधाने आणखी मुंग्या ओढल्या आणि त्यांनी आणखी गंध टाकला. एक फाटा आखूड ठेवला तेव्हा मुंग्यांनी बहुतेक वेळा आखूड फाटाच धरला, कारण त्या वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परतत आणि तिथला गंध लवकर वाढे. लांबी कोणीही मोजली नव्हती. वेळेतल्या फरकाने ती आपोआप मोजली गेली.

या प्रयोगाचा तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आधी फक्त लांब फाटा ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला, तेव्हा मुंग्या लांबच्याच वाटेने चालत राहिल्या. जुन्या वाटेवरचा गंध दाट होता आणि तो फार हळू उडत होता. जवळची वाट समोर असूनही समूह जुन्या माहितीत अडकून पडला.

कृत्रिम मुंगी

मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये सादर केलेल्या प्रबंधात मुंग्यांचा हा व्यवहार संगणकात आणला. टँकरचेच उदाहरण पुढे चालवू. संगणकात पन्नास कृत्रिम मुंग्या सोडल्या. प्रत्येक मुंगी पुढचे गाव निवडताना ते गाव किती जवळ आहे आणि तिथे जाणाऱ्या वाटेवर किती गंध आहे, हे दोन्ही पाहते. दोन्ही मिळून त्या गावाची शक्यता ठरते, पण शेवटची निवड फाशाच्या दानासारखी नशिबावर सोडलेली असते. फेरी पुरी झाली की मुंगी आपल्या वाटेवर गंध टाकते. फेरी जितकी आखूड, तितका गंध जास्त. आणि प्रत्येक फेरीअखेर सगळ्या वाटांवरचा गंध ठरावीक टक्क्यांनी कमी केला जातो.

ही शेवटची पायरी पद्धतीचा कणा आहे. गंध अजिबात उडाला नाही, तर पहिल्या काही फेऱ्यांत योगायोगाने सापडलेली बरी वाट कायमची पक्की होते आणि अधिक चांगली वाट कधीच सापडत नाही. गंध फार भराभर उडाला, तर मुंग्या काही शिकतच नाहीत आणि प्रत्येक फेरी पहिल्यासारखी आंधळी राहते. खऱ्या मुंगीला गंध उडण्याचा वेग निसर्गाने बांधून दिलेला असतो. कृत्रिम मुंगीत तो आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती येतो. पुढच्या सुधारणाही याच मुद्द्याभोवती फिरल्या. १९९७ मध्ये डोरिगो आणि लुका मारिया गाम्बार्देला यांनी सर्वांत चांगल्या फेरीलाच गंध वाढवण्याचा अधिकार दिला, आणि मुंगी चालत असतानाच तिच्या वाटेवरचा गंध थोडा पुसण्याची तरतूद केली. २००० मध्ये थॉमस श्ट्यूट्सले आणि होल्गर होस यांनी गंधाला वरची आणि खालची मर्यादा घातली. त्यामुळे कोणतीही वाट अजिंक्य होत नाही आणि कोणतीही वाट पूर्ण मरत नाही.

मधमाशीची माघार

मधमाशीचा नाच म्हणजे अन्नाची दिशा आणि अंतर सांगणारी खूण, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवले. त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर आणि पुढे अमेरिकेतील थॉमस सीली यांनी एका वेगळ्या प्रसंगाचा अभ्यास केला. जुने घर सोडून फांदीवर लटकलेला थवा नव्या घराची जागा कशी ठरवतो? काही शे शोध्या माश्या वेगवेगळ्या ढोली पाहून येतात आणि आपापल्या जागेसाठी नाचतात. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. नव्या माश्या तो नाच पाहून स्वतः जागा तपासायला जातात. एखाद्या जागेवर पुरेशा माश्या एकाच वेळी जमल्या की कोरम भरतो आणि थवा उडतो.

इथेही विसरण्याला स्थान आहे. सीली यांना आढळले की जागा उत्तम असली तरी प्रत्येक फेरीनंतर माशीचा नाच सुमारे पंधरा आवर्तनांनी घटतो आणि शेवटी ती माशी गप्प बसते. आपल्या पसंतीला ती जन्मभर चिकटून राहत नाही. २०१२ मध्ये सीली आणि सहकाऱ्यांनी आणखी एक बाब प्रसिद्ध केली. एका जागेच्या माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देऊन थांबण्याचा इशारा देतात. दोन सारख्याच चांगल्या जागांमध्ये थवा अडकून पडू नये, यासाठी ही सोय उपयोगी पडते.

तुर्कस्तानातील दर्विश काराबोगा यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘कृत्रिम मधमाशी वसाहत’ या अल्गोरिदममध्ये हेच तत्त्व एका आकड्याच्या रूपात आले. ठरावीक प्रयत्नांत एखाद्या उत्तरात सुधारणा झाली नाही, तर ते उत्तर सोडून द्यायचे आणि त्या माशीला नव्या जागी शोधायला पाठवायचे. त्याच्या आदल्या वर्षी सुनील नाक्राणी आणि क्रेग टोवी यांनी मधमाश्यांच्या कामवाटपावरून इंटरनेटच्या सर्व्हरचे वाटप करण्याची पद्धत मांडली होती. कोणत्या संकेतस्थळावर गर्दी उसळेल हे आधी ठाऊक नसते. त्यामुळे काल गर्दी असलेल्या जागेवरून यंत्रे मोकळी करणे हाच त्या कामाचा अवघड भाग आहे.

जुन्नरला माशी परकी नाही. शिवनेरीच्या कड्यांवर आग्या माशीची मोहोळे लटकतात, आणि ती उठली की किल्ला पाहायला आलेल्यांना पळता भुई थोडी होते. सातेरी, फुलोरी आणि पोयाची माशी याही या मुलखात सापडतात. पण वर सांगितलेले बहुतेक संशोधन युरोपीय मधमाशीवर झाले आहे. आग्या माश्या उघड्या पोळ्यावर एकापाठोपाठ एक पोट उचलून लाट उठवतात आणि त्या लाटेने गांधीलमाशीला दूर ठेवतात, हे गेराल्ड कास्टबर्गर यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले. हजारो माश्यांत क्षणार्धात पसरणारी ही लाट संगणकशास्त्रासाठी अजून बरीचशी अस्पर्शित आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या माश्यांकडे मध आणि परागीभवनापलीकडच्या नजरेने पाहायला इथल्याइतकी सोयीची जागा कोणती?

गांधीलमाशीचे कामवाटप, वाळवीचे बांधकाम

कागदी घरटे बांधणाऱ्या गांधीलमाशीच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा आहे. १९७४ मध्ये माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीवर निबंध लिहिला. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी याच जातीवर अनेक दशके काम केले. त्यांच्या अभ्यासातून दिसले की या जातीची राणी शांत असते. कामाला कधी निघायचे हे ती ठरवत नाही, कामकरी माश्या आपसांतच ठरवतात.

अशा कामवाटपाचे गणित एरिक बोनाबो, गाय तेरोलाझ आणि देनबूर यांनी १९९६ मध्ये ‘उंबरठ्या’च्या कल्पनेवर मांडले. प्रत्येक कामाची निकड वाढत जाते. ज्या माशीचा त्या कामाचा उंबरठा खाली, ती आधी उठते. तिने काम केले की निकड उतरते आणि बाकीच्या माश्या आपापल्या कामात राहतात. निकड आणखी वाढली तर एरवी त्या कामाकडे न फिरकणारी माशीही पुढे येते. पुढे हीच कल्पना ट्रक रंगवणाऱ्या कारखान्यात कोणते वाहन कोणत्या बूथमध्ये पाठवायचे, या प्रश्नाला लावून पाहण्यात आली.

वाळवीच्या बांधकामावरून हार्वर्डमध्ये राधिका नागपाल यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘टर्म्स’ नावाचे छोटे यंत्रमानव बनवले. ते एकमेकांशी न बोलता, केवळ समोरच्या विटांची रचना पाहून पुढची वीट ठेवत. त्याच वर्षी याच विद्यापीठात १,०२४ ‘किलोबॉट’ एकत्र येऊन दिलेला आकार साकारताना जगाने पाहिले.

प्रत्यक्ष वापर कुठे झाला

१९९६ मध्ये टेलिफोनच्या जाळ्यात कृत्रिम मुंग्या सोडून कॉलची गर्दी वेगवेगळ्या मार्गांवर वाटण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये जियान्नी दी कारो आणि डोरिगो यांनी इंटरनेटसारख्या जाळ्यांसाठी ‘अँटनेट’ मांडले. स्वित्झर्लंडमध्ये मिग्रोस या दुकानसाखळीच्या मालवाहतुकीसाठी मुंगीपद्धतीची आज्ञावली वापरली गेली. पाण्याच्या क्षेत्रात नागेश कुमार आणि जंगा रेड्डी यांनी २००६ मध्ये ओडिशातील हिराकूड धरणासाठी ती लावून पाहिली. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज या तिन्ही गरजा सांभाळत पाणी कधी किती सोडायचे, हा तिथला प्रश्न होता. लांब मुदतीच्या नियोजनात मुंगीपद्धत जनुकीय अल्गोरिदमपेक्षा सरस ठरली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एक उदाहरण उलट दिशेचेही आहे. अमेरिकेच्या वाळवंटातील दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांवर डेबोरा गॉर्डन काम करत होत्या. त्यांच्या लक्षात आले की वारुळातून किती मुंग्या बाहेर पडायच्या, हे दाणा घेऊन परतणाऱ्या मुंग्यांच्या वेगावर ठरते. स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर यांनी २०१२ मध्ये त्यांच्यासह दाखवले की हा नियम इंटरनेटवर माहितीचा वेग राखणाऱ्या टीसीपी नियमाशी जुळतो. इथे संगणकातल्या कल्पनेने मुंगी समजावून दिली.

प्राण्यांची नावे आणि जुनीच सूत्रे

या शाखेवरची टीका गंभीर आहे आणि ती मुळातून वाचायला हवी. १९९७ मध्ये डेव्हिड वोल्पर्ट आणि विल्यम मॅक्रेडी यांनी सिद्ध केले की सगळ्या शक्य प्रश्नांची सरासरी घेतली तर कोणतीही शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस नसते. पद्धत सरस ठरते ती विशिष्ट प्रश्नाच्या रचनेशी जुळल्यामुळे. शिवाय ज्या फेरीच्या कोड्यावर मुंगीपद्धत जन्मली, तेच कोडे अचूक गणिती पद्धतींनी फार पुढे नेले आहे. २००६ मध्ये ८५,९०० बिंदूंच्या एका कोड्याचे सिद्ध झालेले सर्वोत्तम उत्तर मिळाले.

दरम्यान प्राण्यांच्या नावांचे पेव फुटले. लांडगा, वटवाघूळ, काजवा, देवमासा, पतंग अशा नावांनी शेकडो अल्गोरिदम प्रसिद्ध झाले. केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ च्या आपल्या निबंधात बजावले की रूपकाच्या आड नवेपणाचा अभाव लपतो. नंतर कमाचो-व्हियालोन, डोरिगो आणि श्ट्यूट्सले यांनी करडा लांडगा, काजवा, वटवाघूळ आदी सहा पद्धती सुट्या करून पाहिल्या आणि त्यांतले घटक आधीच माहीत असलेले असल्याचे दाखवले. मुंगीपद्धतीचा जनकच या टीकेत पुढे उभा राहिला, ही या शाखेच्या सचोटीची खूण मला वाटते. सुरतचे आर. व्ही. राव यांनी २०१६ मध्ये ‘जया’ ही पद्धत मांडताना कोणत्याही प्राण्याचा आधार घेतला नाही. चांगल्या उत्तराकडे सरका आणि वाईटापासून दूर व्हा, एवढेच तिचे सूत्र आहे.

मुंगीचे आणि मधमाशीचे काम टिकले, कारण त्यामागे खरे निरीक्षण होते. देनबूर यांनी पूल बांधून मुंग्या मोजल्या, सीली यांनी माश्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांचा माग काढला. बहुतेक नव्या नावांमागे असा प्रयोग नाही, फक्त प्राण्याविषयीची एक ढोबळ समजूत आहे.

जुन्नर-आंबेगावात काय लागू पडेल

पहिली कसोटी ही की काम मध्यवर्ती ठिकाणाहून नीट चालत असेल, तर कीटकांच्या वाटेला जाऊ नये. खोडदची जीएमआरटी दुर्बीण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. त्यांच्या संकेतांच्या ४३५ जोड्या एका मध्यवर्ती इमारतीत जुळवल्या जातात. सगळी माहिती एकत्र आल्याखेरीज आकाशाचे चित्रच उमटत नाही. दुधाचा टँकरही याच बाजूला येतो. गावे ठरलेली, रस्ते ठरलेले, वेळ ठरलेली. तिथे अचूक गणिती पद्धत पुरते.

उसाची तोडणी मात्र वेगळी आहे. अवकाळी पाऊस झाला की ट्रॅक्टर फडातून निघत नाही, टोळी अर्ध्यावर थांबते, कारखान्यात बिघाड झाला की सगळा कार्यक्रम कोलमडतो. लागणीच्या नोंदीवरून हंगामाआधी आखलेला क्रम अशा दिवशी जुनी माहिती ठरतो. निकड वाढेल तसे काम उचलणारी उंबरठ्याची पद्धत आणि जुना क्रम हळूहळू पुसणारी मुंगीपद्धत इथे तपासून पाहण्याजोग्या आहेत. पण ‘चांगला क्रम’ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागेल. केवळ उतारा मोजला तर कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगारांची रोजची पायपीट आणि गाडी भरून ताटकळत बसणे हिशेबातून गळते. इथल्या फडांत बिबट्याची मादी पिले घालते, हेही तोडणीचा क्रम लावताना विसरून चालणार नाही.

कुकडी प्रकल्प तिसऱ्या प्रकारचा आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी जुन्नर-आंबेगावपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत मागितले जाते. हिराकूडसारखे गणित इथेही मांडता येईल. मात्र वारुळातल्या सगळ्या मुंग्यांचे हित एक असते, कालव्याच्या मुखाशी आणि टोकाशी असलेल्या शेतकऱ्यांचे नसते. अशा प्रश्नात अल्गोरिदमने फार तर पर्याय आणि त्यांची किंमत स्वच्छ मांडावी. निवड माणसांनी, उघड चर्चेतूनच करायला हवी.

चौथे काम मला सर्वांत निकडीचे वाटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने जमिनीतील ओलावा आणि हालचाल टिपणाऱ्या बिनतारी संवेदकांचे जाळे बसवून दरडीचा आगाऊ इशारा देण्याचा प्रयत्न केला आहे. ती कीटकपद्धत नव्हती. पण असे जाळे भीमाशंकरच्या धारेवर पावसाळ्यात चालवायचे, तर काही संवेदक बंद पडणार, काहींची बॅटरी संपणार, मोबाइलची रेंज जाणार. निरोप पोहोचवण्याची वाट मग दर तासाला नव्याने शोधावी लागते. दी कारो, फ्रेडरिक दुकातेल आणि गाम्बार्देला यांची ‘अँटहॉकनेट’ ही पद्धत अशाच क्षणोक्षणी बदलणाऱ्या बिनतारी जाळ्यांसाठी आहे. केंद्र तुटले तरी काम चालू राहणे हा कीटकसमूहाचा खरा गुण, आणि त्याची खरी गरज घाटमाथ्यावरच्या आदिवासी वाड्यांना आहे.

या कामासाठी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कुरण आणि बेल्हे इथेही अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. पुणे विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमात मुंगीपद्धतीने फेरीचे कोडे सोडवण्याचे प्रात्यक्षिकही आहे. ते प्रात्यक्षिक सहसा कल्पित शहरांवर होते. त्याऐवजी एका हंगामातल्या तोडणीची खरी नोंद, माणसांची नावे काढून, विद्यार्थ्यांना द्यावी. त्यांनी आधी साधी पद्धत लावावी, मग अचूक गणिती पद्धत, मग मुंगीपद्धत आणि उंबरठ्याची पद्धत, आणि चारही उत्तरे शेजारी मांडून प्रसिद्ध करावीत. मुंगी हरली तर तेही छापावे. समूहबुद्धीच्या शाखेला आज आणखी एका प्राण्याच्या नावाची गरज नाही. तिला अशा प्रामाणिक तुलनेची गरज आहे, आणि ती करायला लागणारे प्रश्न, कीटक व विद्यार्थी हे तिन्ही या दोन तालुक्यांत आहेत.